गेटावर अडकलेली विहीर

गोरक्षला एक जुनी खोड आहे. वस्तू हातात आली की ती कशी चालते हे कळल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नाही. लहानपणी आत्याच्या लग्नात आहेर म्हणून आलेलं घड्याळ त्याने मांडव उतरायच्या आत उघडून ठेवलं होतं, आणि भागूबाईने, म्हणजे त्याच्या आईने, त्याला सगळ्या पाहुण्यांदेखत बदडलं होतं. "ह्याला देवानं हात दिलं, पन धीर द्यायला इसरला," असं ती अजूनही येईल त्याला सांगते. आता गंमत बघा, ज्या खोडीपायी मार खाल्ला, तिच्यावरच पुढे त्याला पगार सुरू झाला. चाकणच्या एका कंपनीत, पत्रा दाबून भाग करणाऱ्या प्रेस शॉपमध्ये, तो मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडलं की गोरक्षला हाक मारतात.

मशीनशी त्याचं जमतंच, पण माणसांकडून माहिती काढायची त्याची रीत जास्त नामी आहे. ऑपरेटरला जाऊन "तू काय केलंस?" असं तो कधी विचारत नाही. विचारलं की समोरचा म्हणणार, काहीच नाही केलं, आपोआप बंद पडलं. म्हणून गोरक्ष मुद्दाम चुकीचं बोलतो. "हे बटण दाबलं असशील, दुसरं काय." मग तो माणूस उसळतो, "ते कशाला दाबू? मी तर हे दाबलं." झालं काम. माणूस प्रश्नाला उत्तर देईल न देईल, पण समोरच्याची चूक दुरुस्त केल्याशिवाय त्याला राहवत नाही, हे गोरक्षचं आजवरचं शिक्षण.

घरी थेरगावात त्याची बायको अनिता, मुलगी सृष्टी आणि ठोकळे. हो, ठोकळे. एकमेकांत टच्चकन बसणारे ते प्लास्टिकचे रंगीत ठोकळे. तुम्ही म्हणाल, बाप्या माणूस आणि खेळणी? अनितापण आधी असंच म्हणाली होती. पण याचं मूळ इम्तियाजमध्ये आहे. इम्तियाज हा गोरक्षचा शाळेपासूनचा दोस्त, त्याचा स्वतःचा टेम्पो आहे आणि जुन्या सामानाचा धंदा. हिंजवडीकडची मंडळी घर बदलताना पोरांची खेळणी पोत्यात कोंबून देऊन टाकतात. असंच एक पोतं त्याने सृष्टीसाठी आणून टाकलं आणि म्हणाला, "भावा, याचं काय होतं का बघ." बापलेकीने पोतं सतरंजीवर ओतलं आणि त्या दिवशीचं जेवण गार झालं.

तेव्हापासून त्या घरात देखावे होतात. सृष्टीने वाचनालयातून दीपगृहाच्या रखवालदाराची गोष्ट आणली की दीपगृह होतं. टीव्हीवर पुरात वाहून जाणाऱ्या पुलाचा सिनेमा लागला की पूल होतो, त्यावर अर्धा लटकलेला ट्रकसुद्धा. दिवाळीच्या सुट्टीत कोकणात जाताना एसटी घाटात बंद पडली होती, तर घाट झाला, एसटी झाली आणि रस्त्याच्या कडेला चिवडा खात बसलेले प्रवासी झाले. पोतं एकच, त्यामुळे नवं करायचं तर जुनं मोडावं लागतं. दीपगृहाच्या भिंतींचा पूल झाला, पुलाची एसटी झाली. सृष्टीचे नियम कडक: कापायचं नाही, चिकटवायचं नाही, रंगवायचं नाही. दिवसभर कानस आणि वेल्डिंग घेऊन फिरणाऱ्या माणसाला हे फार जड जातं. एकदा त्याने एका ठोकळ्याचा कोपरा गुपचूप घासला, तर पोरीने दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला.

आणि मग यंदा श्रावणात सृष्टीने विचारलं, "पप्पा, आपलं शेत कसं होतं?"

गोरक्षला ते आठवतच नव्हतं. शेत होतं खरं. आज जिथे त्याची कंपनी उभी आहे, तिथेच होतं. जमीन संपादनात गेली म्हणून तर मोठेपणी त्याला तिथे घेतलं. पण ती गेली तेव्हा तो नुकता चालायला शिकत होता. वडिलांनी त्या जमिनीचं नाव पुन्हा काढलं नाही आणि गोरक्ष शाळेत असतानाच ते वारले. वर बुलडोझर फिरून सगळं सपाट झालेलं. थोरला भाऊही तेव्हा लहान, त्यामुळे विहीर कुठे होती, बांध कुठे होता, कुणाला काही ठाऊक नाही. ठाऊक होतं ते एकट्या भागूबाईला, आणि भागूबाई थोरल्या मुलाकडे निघोज्यात राहून त्या कंपनीच्या रस्त्यालासुद्धा जात नसे. "त्या गेटात म्या पाय ठिवनार न्हाई," हे तिचं वाक्य सगळ्या भावकीला पाठ होतं. जगातल्या सगळ्या वस्तू उघडून बघणाऱ्या माणसाने आपल्याच पायाखालची जमीन कधी उघडून बघितली नव्हती. याची गोरक्षला लाज वाटली.

रविवारी दोघं निघोज्याला गेले. सृष्टीने सरळ विचारलं, तर आजीने हात झटकला. "काय करायचंय आता? गेलं ते गेलं." मग गोरक्षने आपली रीत वापरली. भाकरी मोडता मोडता सहज म्हणाला, "अगं, साधी चौकोनी विहीर असणार. बघण्यासारखं काय त्यात."

"चौकोनी?" भागूबाईचा घास थांबला. "कोन म्हनलं चौकोनी? गोल व्हती. आन् साधी? तुझ्या आज्यानं काळ्या दगडात बांधून घेतल्याली."

इथून ती बोलायला लागली ती दर रविवारी बोलतच राहिली. चूक सांगायची बापलेकीने, दुरुस्ती करायची तिने. विहीर गोल, शेजारी चिंच, चिंचेखाली खळं, पाठीमागे ओढा, समोर डोंगर. सृष्टी घरी येऊन ते ठोकळ्यांत मांडायची. चौकोनी ठोकळ्यांची गोल विहीर कशी करायची यावर दोघांनी डोकं फोडलं. शेवटी दारं-खिडक्यांचे बिजागरीचे छोटे तुकडे एकाला एक जोडून माळ केली आणि ती वळवून तिची टोकं जुळवली, तर खरोखर गोल झाली. आत निळे पारदर्शक तुकडे टाकले. गोरक्ष कितीतरी वेळ त्या विहिरीत डोकावत बसला होता.

माणूस मात्र जमला नाही. पोत्यातली सगळी बाहुली बांधकामावरची, डोक्यात पिवळं हेल्मेट. हेल्मेट काढावं तर खाली केस नाहीत, नुसतं टक्कल आणि वर एक खुंटी. "शेतात हेल्मेटवाला कशाला? हसतील लोक," गोरक्ष म्हणाला. सृष्टीला ते पटलं नव्हतं. तिने एक बाहुलं खिशात ठेवून दिलं.

ठरलं असं, की दसऱ्याला सोनं द्यायला निघोज्याला जायचं आणि आजीपुढे देखावा ठेवायचा. तिच्याआधी तो कुणीही बघायचा नाही.

पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी असते. चाकणच्या कारखान्यांत हा दिवस दिवाळीपेक्षा मोठा. मशीन धुऊन पुसून त्यांना हार घालतात, हळद-कुंकू लावतात, नारळ फोडतात, आणि घरच्या माणसांनाही आत यायची मुभा असते. कुठल्या शॉपची सजावट सरस, त्याला ढाल मिळते, आणि ती ढाल दरवर्षी पेंट शॉपवाले पळवतात. गोरक्षच्या डोक्यात किडा वळवळला.

"आधी आजी," सृष्टी म्हणाली.

"अगं, एका दिवसाचा तर प्रश्न. संध्याकाळी तिथूनच निघोज्याला न्यायचा. वाटेतच आहे."

"हौस तुमची, आणि निस्तरायचं आम्ही," अनिता म्हणाली. तिचं कधी चुकत नाही आणि तिचं कुणी कधी ऐकत नाही.

नवमीला सकाळी गेटावर जत्रा होती. ऊस, केळीचे खांब, झेंडूची पोती, सगळं आत चाललेलं. इम्तियाजच्या टेम्पोत चादरीखाली देखावा होता. गेटावर दादासाहेब. हा बीडकडचा माणूस, सिक्युरिटीत मुरलेला, नाकासमोर चालणारा. एरवी आत जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची तो नोंद करतो, कारण नोंद करून आत गेलेली वस्तूच नोंद दाखवून बाहेर येते. पण रांग लांब लागली होती आणि गोरक्षला घाई होती.

"काय आहे?" दादासाहेबांनी विचारलं.

"पूजेचं सामान," गोरक्ष म्हणाला.

"जाऊ द्या."

देखावा मोठ्या प्रेसशेजारी टेबलावर ठेवला आणि सगळी कंपनी तिथे लोटली. साहेब लोक मोबाईल काढून वाकले, पेंट शॉपवाले येऊन कोरड्या तोंडाने "भारी आहे राव" म्हणून गेले. कुणीतरी देखाव्यालाही हळद-कुंकू वाहिलं. ढाल प्रेस शॉपला मिळाली. दुपारी अनिता आणि सृष्टी आल्या. सृष्टी ढालीकडे न बघता देखाव्याजवळ उभी राहिली. मध्येच पायाखालून घरघर ऐकू आली तेव्हा दचकली.

"काही नाही, पंप आहे," गोरक्ष म्हणाला. "प्रेसच्या खालच्या खड्ड्यात पाणी साठतं. वाढलं की पंप आपोआप सुरू होतो."

"पाणी कुठून येतं?"

"तेच तर कळत नाही." आणि तो खुलला, कारण ही त्याची खूप दिवसांची खाज होती. पाइपलाइन तपासली, ड्रेनेजमध्ये रंग सोडून बघितला, पावसाचं म्हणावं तर भर उन्हाळ्यातही तेवढंच. प्रेस बसवला तेव्हापासूनचं आहे म्हणतात. सगळ्यांनी नाद सोडला होता. गोरक्ष रोज सकाळी खड्ड्यात उतरायचा, पंपाला न ओढता येणारं तळाचं पाणी उपसायचा, त्याच्याकडे बघायचा आणि वर यायचा.

संध्याकाळी शॉपमधल्या चौघांनी मिळून देखावा उचलून गेटावर आणला. बाहेर इम्तियाज टेम्पो लावून उभा होता. दादासाहेबांनी हात आडवा केला.

"गेटपास?"

"अहो, सकाळी तुमच्यासमोरच तर आत नेला."

"सकाळी पूजेचं सामान आत गेलं. पूजेचं सामान बाहेर येत नाही, निर्माल्य येतं. हे निर्माल्य आहे का?"

"हे माझ्या मुलीचं आहे."

"असेल. पण आत आल्याची नोंद नाही. जे आत आलंच नाही, ते बाहेर कसं सोडू?" आवाजात राग नव्हता. मागे एकदा पूजेच्या टोपलीतून, झेंडूखाली लपवून, कुणीतरी मोटर पळवली होती आणि ती दादासाहेबांवर शेकली होती. पास ज्यांच्या सहीने निघतो ते साहेब प्रसाद घेऊन घरी गेलेले. उद्या दसरा, परवा रविवार.

गोरक्षने हात जोडून बघितले, चिडून बघितलं, आपली ती हुकमी रीतसुद्धा लावून बघितली. "तुम्हाला सोडायचा अधिकारच नसेल," तो म्हणाला. "नाहीच आहे," दादासाहेब म्हणाले, आणि तो विषय संपला. गोरक्षचं तोंड एवढंसं झालं. चूक त्याचीच होती. दोन शब्द खरे बोलला असता, तर एक ओळ लिहून काम झालं असतं. ढालीपायी आईचा देखावा अडकला.

सृष्टी रडली नाही. तिने बापाच्या हातातला मोबाईल घेतला आणि निघोज्याला लावून स्पीकरवर टाकला. "आजी, उद्या तुला एक दाखवायचं होतं. आम्ही तुझी विहीर केली होती, चिंच पण. ती कंपनीत अडकली. सोडत नाहीत."

पलीकडून भागूबाई म्हणाली, "एकदा गेली ती पुन्यांदा गेली व्हय?"

दादासाहेब जवळच उभे होते. त्यांना ते ऐकू गेलं. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "वस्तू बाहेर जायची नाही," ते म्हणाले, "पण माणूस आत येऊ शकतं. घरच्या माणसांना आज मुभा आहे. दिवेलागणीपर्यंत."

"ती नाही यायची," गोरक्ष म्हणाला. "तुम्हाला माहीत नाही तिचं."

पण मोबाईलमधून आवाज आला, "इम्त्याजला म्हनावं, टेम्पो घिऊन ये. खुर्ची ठिव मागं."

का आली ती? रागाने, नातीसाठी, की खोड शेवटी आईकडूनच आली होती म्हणून, कोण सांगणार. इम्तियाजने तिला पुढच्या सीटवर बसवून आणलं, खुर्ची तशीच मागे हिंदकळत आली. गेटाशी ती उतरली, गुडघे धरल्यापासून सोबत असलेला वॉकर टेकला आणि उंबरा नसलेल्या त्या गेटापुढे क्षणभर थांबली. गोरक्षने हात पुढे केला. तिने तो घेतला नाही. पदर सारखा करून ती आत शिरली. दादासाहेब नोंदीचं विसरून तिच्या मागोमाग निघाले.

देखावा पुन्हा प्रेसशेजारी टेबलावर आला. भागूबाईने चष्मा पुसला. वाकून बघितलं, बाजूने बघितलं. विहिरीच्या कडेवरून बोट फिरवलं. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"झ्याक केलंय," ती म्हणाली. "पन हे कुनाचं रान?"

अख्ख्या कंपनीने नावाजलेलं शेत, आणि जिचं होतं तिला ओळखू येईना. "आई, तूच सांगितलंस. समोर डोंगर, मागे ओढा..."

"समोर म्हंजे कुठं?"

"समोर म्हणजे..." त्याने गेटाकडे हात केला. कंपनीत समोर म्हणजे गेट. तिथला प्रत्येक नकाशा गेटापासून सुरू होतो. हयात तिथेच गेलेल्या माणसाला दुसरं समोर सुचलंच नव्हतं, आणि त्याच हिशेबाने मांडणीही भलत्या अंगाला गेली होती.

"आरं येड्या, तवा कुठलं आलंय गेट? डोंगर कुठं हाय ते बघू दे आधी. त्यो दरवाजा उघड."

दादासाहेबांनीच मागचं मोठं शटर वर ओढलं. बाहेर कुंपण, कुंपणापलीकडे दुसऱ्या कंपनीच्या शेड, आणि शेडच्या वर, मावळतीच्या उजेडात, डोंगराची कड. तो मात्र कुणी हलवला नव्हता. भागूबाईने डोळ्यांवर आडवा हात धरून त्याच्याकडे बघितलं. मग वॉकर फिरवला आणि डोंगराला डाव्या खांद्यावर ठेवत, पुटपुटत चालायला लागली. "हितनं बांध. हितं गोठा. हितनं उतार व्हता." चकचकीत फरशीवरून ती सपाट जमिनीवर चालावं तशी चालत नव्हती. जिथे उतार म्हणाली तिथे तिने खरोखर पाय जपून टाकला. मोठ्या प्रेसपाशी येऊन थांबली, हार घातलेल्या त्या धुडाकडे मान वर करून बघितलं, आणि वॉकरचा पाय फरशीवर आपटला.

"हितं."

नेमका तेव्हा पंप सुरू झाला. घरघर झाली, पाइप थरथरला, आणि पाणी भिंतीतून पलीकडच्या गटाराकडे निघालं.

"हे कशाचं पानी?"

"खड्ड्यात येतं, आई. कुठून तरी."

"उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात पण. कधीच थांबत नाही. रोज उपसावं लागतं."

"कोन उपसतं?"

"मीच."

भागूबाईने त्याच्याकडे बघितलं. नोकरीला लागल्यापासून एवढं निरखून तिने त्याला बघितलं नव्हतं. "तुझा बा बी रोज उपसायचा," ती म्हणाली. "उजाडलं की पयलं हेच. म्या चा घिऊन यायची तवर पाट भरल्याला असायचा."

गोरक्ष प्रेसच्या पायरीवर खाली बसला. इतकी वर्षं ज्याचा माग काढत होता ते मिळालं होतं, आणि त्याला ओरडून सगळ्यांना सांगावंसं न वाटता नुसतं रडू येत होतं. ते त्याने लपवलं नाही. अनिता येऊन त्याच्याजवळ उभी राहिली.

भागूबाई टेबलाकडे वळली. "ईर बराबर हाय," ती सृष्टीला म्हणाली. "फकस्त चिंच उपट. हिकडं नगं, तिकडं." सृष्टीने झाड उपटून दाखवलेल्या जागी टच्चकन बसवलं. दादासाहेबांनी ते बघितलं, शटरकडे बघितलं, मग गेटाकडे. "म्हणजे माझ्या केबिनवर आली की हो," ते म्हणाले. "सावली व्हती तितं," भागूबाई म्हणाली, "आता ऊन लागत आसंल तुमास्नी." दादासाहेबांनी मान हलवली. लागतं, म्हणाले.

मग तिने विचारलं, "आन् मानूस कुठाय? इतकी ईर बांधली, पानी कोन काढनार?"

सृष्टीने बापाकडे बघितलं. खिशात हात घालून बाहुलं काढलं आणि आजीच्या तळहातावर ठेवलं. "एवढाच आहे. हेल्मेटवाला. टोपी काढू का?"

भागूबाईने बाहुलं डोळ्यांजवळ नेलं. पायरीवर बसलेल्या गोरक्षच्या मांडीवर त्याचं पिवळं हेल्मेट होतं. तिने तिकडे एकदा बघितलं. मग बाहुलं विहिरीच्या काठावर उभं केलं आणि ते बसेपर्यंत अंगठ्याने दाबून धरलं.

"ऱ्हाऊ दे टोपी," ती म्हणाली. "त्योच उपसतोय."